घाव लागलेली नाणी

मी रोमन नाणी जमवते, पण धड नाणी नव्हेत. छिन्नीचा घाव बसलेली, अर्धी तोडलेली, भोक पाडलेली, झिजून चेहरा पुसलेली. इंग्लंडमध्ये नाण्यांच्या प्रदर्शनांत विक्रेत्यांच्या टेबलांच्या कडेला अशा मालाचे ट्रे ठेवलेले असतात. बहुतेक संग्राहक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातात. मी तिथेच खुर्ची ओढते. सुरुवातीला कारण पैशाचं होतं, पण पुढे परवडायला लागलं तरी हात त्याच ट्रेकडे जातो. सुबक नाण्यावर सम्राटाला स्वतःला जसं मिरवायचं होतं तसा तो दिसतो. टांकसाळीतून सुटल्यावर ज्या हातांतून ते नाणं फिरलं, ते हात मला घावांत दिसतात.

माझं सर्वांत लाडकं नाणं अर्धंच आहे. दक्षिण फ्रान्समधल्या नीममध्ये सम्राट ऑगस्टसच्या काळात पाडलेलं. अख्ख्या नाण्यावर त्याचा सेनापती अग्रिपा आणि ऑगस्टस यांची डोकी पाठीला पाठ लावून असतात, आणि उलट बाजूला खजुरीच्या झाडाला साखळदंडाने बांधलेली मगर. मगर म्हणजे इ.स.पू. ३० मध्ये जिंकलेला इजिप्त. पश्चिमेकडच्या सैनिकी छावण्यांत तेव्हा सुट्ट्या पैशांची चणचण असे, म्हणून लोक मोठं नाणं मधोमध तोडून दोन करत. दोन डोक्यांच्या मधली जागा त्यासाठी सोयीचीच. माझ्या वाट्याला अग्रिपा आला. ऑगस्टसचा तुकडा कुठे गेला कोण जाणे. तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं की बरीचशी कड सपाट लागते आणि शेवटचा भाग खरखरीत, ओढून फाटल्यासारखा. छिन्नी आरपार गेलेली नाही. उरलेला भाग कुणीतरी वाकवून तोडलाय. जिंकलेल्या देशाची मगर अर्धी होतेय याची त्या माणसाला काही फिकीर नसावी; त्याला सुटे हवे होते.

चांदीच्या एका डिनेरियसवर मात्र कडेपासून आत गेलेला खोल काप आहे. आमचे काका हुपरीचे, उभं आयुष्य चांदीच्या कामात गेलेलं. व्हिडिओ कॉलवर नाणं कॅमेऱ्यासमोर धरलं, तर त्यांनी सम्राट कोण हे विचारलंच नाही.

“जरा तिरकं धर गं. हां. आत तांबं आहे.”

“हो काका. वरून फक्त चांदीचा पत्रा.”

“मग ज्यानं काप दिला तो पक्का माणूस. कसोटीवर नुसतं घासून हे कळलं नसतं.”

तांब्याच्या चकतीला चांदीचा पातळ पत्रा गुंडाळायचा, तापवून ठसा मारायचा, अशी ही खोटी नाणी रोमन जगात भरपूर फिरत. ठसा इतका चांगला असे की नजरेला शंका येऊ नये. म्हणून देणारा समोर उभा असतानाच घेणारा काप देई. त्या दोघांमध्ये पुढे काय बोलणं झालं असेल, याचा मी अजून विचार करते.

झीज हाही घावच, पण सावकाश बसलेला. मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये ऑगस्टसशी (तेव्हाच्या ऑक्टेव्हियनशी) लढण्यासाठी सैन्याच्या पगाराची नाणी पाडली. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसरीकडे निशाणांच्या मधोमध गरुड आणि खाली तुकडीचा क्रमांक. चांदीचा कस कमी, म्हणून ती वितळवायला किंवा पुरून ठेवायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं. ती बाजारातच राहिली. अँटनी हरला, मेला, आणि त्याची नाणी दोनशे वर्षांनंतरच्या साठ्यांतही सापडतात. माझ्या नाण्यावर जहाजाची दोन-चार वल्ही तेवढी उरली आहेत. तुकडीचा क्रमांक पूर्ण गेलाय, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

घावांचं सर्वांत मोठं कोडं मात्र भारतात सापडलं. १८९८ मध्ये तामिळ मुलखातल्या पुदुकोट्टई संस्थानात ५०१ रोमन सुवर्णनाणी मिळाली. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा सरळ वार आहे. हे नाणं आता चलन नव्हे, वजनावर घ्यायचं सोनं आहे, असं सांगणारी ती खूण असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. भारताच्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात म्हणून तिकडे रोमन लेखक प्लिनी हळहळत होता. इकडे समुद्र ओलांडून आलेल्या सम्राटाचा शिक्का नाकारून फक्त त्याचं सोनं मोजून घेतलं जात होतं. त्या नाण्यांची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहते. वार घाईचे नाहीत. प्रत्येक वेळी डोकंच नेमकं धरलंय.

काही विक्रेते बारीक हत्याराने पुसट नाण्यावर केस, डोळे, अक्षरं नव्याने कोरतात. याचा मला मनापासून राग येतो. दोन हजार वर्षांच्या झिजेवर आजच्या माणसाने सम्राटाचं नाक बसवायचं आणि चढ्या भावाने विकायचं! हिरवी भुकटी सुटणारा ब्राँझचा रोग लागला असेल तरच मी नाण्याला हात लावते: डिस्टिल्ड पाण्यात भिजवते, पाणी बदलत राहते, नीट वाळवते. इतर नाण्यांपासून त्याला वेगळं ठेवते. त्यापलीकडे काही नाही.

अलीकडे मात्र घावापेक्षाही एक गोष्ट मी आधी विचारते: कुठे मिळालं? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. शेतात मिळालेलं नाणं तिथे दाखवलं की जागा आणि वजन लिहून घेतात, नोंदीचा क्रमांक देतात. सुट्या एखाद्या नाण्यासाठी सहसा हे सक्तीचं नसतं, त्यामुळे असंख्य नाणी जागेशिवायच बाजारात येतात. मागच्या प्रदर्शनात कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, दोन सैनिक आणि मध्ये निशाणं असलेलं अगदी सामान्य ब्राँझ नाणं दिसलं. नांगर लागून वाकलेलं, कड चेपलेली. शेजारीच तसंच दुसरं होतं, स्वच्छ, सरळ, चकचकीत, आणि स्वस्तही. पण वाकलेल्या नाण्याबरोबर लिंकनशायरमधल्या गावाचं नाव आणि नोंदीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती. मी जास्तीचे पैसे मोजून ते घेतलं, आणि चिठ्ठी त्याच पाकिटात ठेवली.