ठाय लयीतला रियाज

तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकलेली राहते आणि तर्जनी चाटेवर आघात करते. चाळिशीनंतर मी शिकायला बसले, तेव्हा तर्जनीबरोबर अनामिकाही उठायची. खाली ठेवली तर इतकी दाबली जायची की नादच मरायचा. थोड्याच वेळात मनगटापासून खांद्यापर्यंत हात भरून यायचा. गुरुजी म्हणायचे, “ताई, हात सोडा. आणि लय उतरवा.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसांच्या हातांशीच माझं रोजचं काम. त्यामुळे बोटांत काय चाललंय ते मला कळत होतं. बोटं उचलणारे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. तर्जनीला त्यासाठी एक स्वतःचा जादा स्नायू आहे, अनामिकेला नाही. शिवाय तिची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी बांधलेली. मेंदूकडून आज्ञा निघते, मज्जारज्जूतून उतरते, चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटतं आणि स्नायू आकसतो. पण हालचाल नवखी असली की मेंदू वाकवणारे आणि ताणणारे स्नायू एकदमच कामाला लावतो. सांधा घट्ट धरला जातो आणि हात दमतो. शिकणं म्हणजे बरंचसं यातल्या नको असलेल्या आज्ञा बंद होणं.

त्या बंद कशा होतात, ते मला ठाय, म्हणजे संथ लयीत उमगलं. स्नायूंतले स्पिंडल स्नायू किती ताणला गेला ते कळवतात, कंडरांतले ग्राहक किती जोर लागला ते. अपेक्षित हालचाल आणि झालेली हालचाल यांतला फरक लहान मेंदू हेरतो आणि पुढची आज्ञा सुधारतो. द्रुत लयीत सेकंदाला दहा-बारा बोल पडतात, आणि चूक जाणवून हात मुद्दाम सावरायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तिथे वाजवता वाजवता दुरुस्ती होत नाही. सगळं आधीच बसलेलं असावं लागतं. ठाय लयीत मात्र एका बोलाची खबर पुढच्या बोलाआधी पोचते. अनामिका जास्त दाबली, हे मला तिथे पहिल्यांदा बोटातच जाणवलं, कानाने सांगण्याआधी. मग दाब आपोआप उतरू लागला. खांदा सैल झाला, ‘ना’ खणखणीत येऊ लागला.

याचा उपयोग मला दवाखान्यात रोज होतो. रुग्ण पेल्याकडे हात नेत असतो आणि घरची माणसं कळवळून म्हणतात, “बाबा, जोर लावा!” त्यांची माया मला दिसते, तरी मी त्यांना थांबवते. ज्यांची संवेदना शाबूत आहे, त्यांना सांगते, “काका, सावकाश न्या. कोपर कुठे आलं, बोटं किती आवळली, ते आतून बघा.” हात पेल्यापर्यंत पोचला नाही तरी त्या दिवशी चालेल. पण हालचाल जाणवेल इतकी संथ हवीच, कारण मेंदू पुढची आज्ञा सुधारतो ती त्या जाणिवेच्या आधारानेच.