पाच इंच

आमच्या कॅप्टनला त्याच्या वडिलांनी गावाकडची जुनी डिझेल जीप 'ने बाबा एकदाची' म्हणून देऊन टाकली, आणि होस्टेलमधल्या आम्हा चार मेकॅनिकलवाल्यांचे रविवार बदलून गेले. (कॅप्टन हे टोपणनाव. क्रिकेटच्या टीममध्ये तो कायम बारावा असतो, तरीही.)

जीप आली म्हणजे ती उंच करायलाच हवी, असं आमचं एकमत झालं. तिचे पाटे एक्सलच्या खाली होते, ते आम्ही एक्सलच्या वर घेतले. गॅरेजवाल्याने वेल्डिंग केलं, पण मोजमाप माझं होतं. बॉडी पाच इंच वर गेली. त्यावर दोन इंच जादा व्यासाचे टायर चढवले. गाडी बाहेर काढली तेव्हा चहावाल्यानेसुद्धा दुकान सोडून येऊन बघितलं. खरं सांगतो, सेमिस्टरला पहिला आलो असतो तरी एवढी छाती फुगली नसती.

आता जरा अभ्यासाचं. (पान उलटू नका, थोडंच आहे.) पाटे वर घेतल्याने बॉडी उचलली जाते, एक्सल नाही. दगडावर आपटतो तो डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठे केले तर, तेही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्मा. म्हणजे एवढ्या खटाटोपातून गोळ्याखाली मिळाला जेमतेम एक इंच. बदल्यात प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढला आणि क्रॉस कुरकुरायला लागले, ब्रेकचे होज ताणले गेले, आणि मोठ्या टायरमुळे तेवढ्याच ब्रेकला गाडी उशिरा थांबायला लागली. हे सगळं आम्हाला कळत होतं. 'सेट होईल रे' एवढंच म्हणत होतो.

जुलैच्या शेवटच्या रविवारी निघालो. कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करत मोखाडा. हा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरमध्ये आहे. पावसाळ्यात तिथे डोळ्यांचं पारणं फिटतं. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाली खाचरात भाताची आवणी चाललेली, आणि ढग थेट रस्त्यावर उतरलेले. खोडाळ्याच्या पुढे एका पाड्याकडे जाणारा मातीचा रस्ता दिसला. कॅप्टन म्हणाला, "हाच!"

रस्ता डावीकडे कललेला होता. उजवीकडे कातळाची पट्टी वर आलेली, डावीकडे पाण्याने चर पाडलेला, आणि त्याच्या खाली भाताचं खाचर. उतरून बघावं असं माझ्या मनात आलं होतं. पण पाऊस मी म्हणत होता, आणि एवढी उंच गाडी असताना उतरून बघायचं म्हणजे कमीपणाच ना!

वेग माणसाच्या चालीएवढा. उजवी चाकं कातळावर चढली, डावी चरात उतरली. गाडी कलली. मग क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं. आणि मग एखादं कपाट आडवं व्हावं तशी जीप सावकाश डाव्या कुशीवर खाचरात गेली. पुढे डावीकडे माझा रूममेट बसला होता. त्याने आधारासाठी बाहेरचा पाइप धरला होता. त्याचा हात गाडीखाली सापडला. खाली चिखल होता म्हणून हात वाचला. मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं. त्याचं ते ओरडणं अजून रात्री मला ऐकू येतं.

पाड्यावरची माणसं धावत आली. बल्ल्या लावून, दोर बांधून त्यांनी गाडी उचलली, हात सोडवला. तोवर मागून एक पाशिंजर जीप आली. अगदी साधी, कंपनीतून आली तशीच उंची, आत दहा-बारा माणसं. ती तिथल्या रोजच्या रस्त्याने रोज जाते. त्या ड्रायव्हरदादांनी माणसं उतरवली, आमच्या लोकांना घेतलं आणि मोखाड्याच्या दवाखान्यात पोचवलं. पैसे घेईनात. वाटेत मी विचारलं, "दादा, तुमची गाडी एवढी खाली, इथून जाते कशी?"

ते म्हणाले, "आमी आधी उतरतो. चरात दगड भरतो, पाशिंजर उतरवतो, मग गाडी घालतो. तुमी उतरलाच नाय."

त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून औषधाच्या चिठ्ठीमागे मी गणित मांडलं. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १३० सेंटिमीटर, त्याचं निम्मं ६५. गुरुत्वमध्य आधी जमिनीपासून अंदाजे ६५ सेंटिमीटर धरला, तर ६५ भागिले ६५ म्हणजे १. गाडी कलंडायचा कोन ४५ अंश. आम्ही गुरुत्वमध्य नेला ७७ च्या आसपास. कोन झाला ४० अंश. फरक फक्त पाच अंशांचा! आधी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

पण पुढे बघा. रस्त्याचा उतार २० अंशांचा धरू. कातळ आणि चर मिळून दोन्ही बाजूंच्या चाकांत ४० सेंटिमीटरचा फरक, म्हणजे आणखी १८ अंश. बेरीज ३८. जुन्या उंचीवर आमच्याकडे सात अंश शिल्लक होते. नव्या उंचीवर दोन. त्या सातांतले पाच अंश मी माझ्या हाताने काढून घेतले होते. उरलेले दोन, पाटे एका बाजूला दबण्यात आणि कॅरिअरवरच्या सामानात गेले. ४५ पैकी पाच म्हणजे काहीच नाही. पण गाडी कलंडते ती उरलेल्यावर. आणि हेच गणित मी परीक्षेत बरोबर सोडवून आलो होतो!

कायद्याचंही नंतर वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत, आरसीवरचे तपशील बदलतील असे फेरफार करायचे नाहीत. २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. आम्हाला ते कलम म्हणजे पोलिसांचा जाच वाटायचा.

दोन आठवड्यांनी आम्ही परत गेलो, एस.टी.ने. कारण एक गोष्ट राहिली होती. जीप पडली तेव्हा खाचराचा बांध फुटला होता. नुकती आवणी झालेली, आणि पाणी सगळं खालच्या ओहोळात गेलेलं. शेत एका आजींचं होतं. आम्ही पैसे पुढे केले. त्या म्हणाल्या, "पैशानं बांध बांधतात काय? फावडा घ्या." दिवसभर आम्ही तिघांनी चिखल ओढला, दगड लावले. भावी इंजिनिअरांचा बांध पहिल्यांदा पाझरला. आजींनी तो पायाने दाबून नीट केला. जाताना त्यांनी एकच विचारलं, "त्या पोराचा हात कसा हाय?"

हात आता बरा आहे. ड्रॉइंग शीटवर रेघ मारताना अजून थोडा थरथरतो. तो मला कधी काही बोलला नाही, म्हणून हे लिहावं लागलं.

पाटे आम्ही पुन्हा खाली घेतले. जीप आता ठेंगणी दिसते, चहावाला विचारतो, "काय झालं हो?" भटकंती बंद नाही, पण डिकीत आता एक फावडं असतं. रस्ता वाकडा दिसला की चौघेही उतरतो आणि आधी चर भरतो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी