एका नकाशाचा एकच पत्ता

मावळात मे महिन्याच्या शेवटी बांधकामवाल्यांची एकच धांदल असते. पाऊस उतरायच्या आत पाया जमिनीबाहेर काढायचा असतो. अशाच एका सकाळी मला पवनानगरच्या बाजूच्या एका बंगल्याच्या साइट सुपरवायझरांचा फोन आला. "ताई, तुमच्या सर्व्हरनं चुकीचा नकाशा दिला. तीन कॉलमचे खड्डे नऊ इंच सरकलेत."

सर्व्हर चुकला नव्हता. त्या बंगल्याच्या वास्तुविशारदांच्या लोणावळ्यातल्या कार्यालयात बसून मी एक-एक फाइल उघडत गेले, तेव्हा त्याच पायाचे तीन नकाशे सापडले. एक सामायिक फोल्डरमध्ये, 'प्लिंथ फायनल' नावाचा. दुसरा प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या नोंदीला जोडलेला, 'प्लिंथ फायनल नवीन'. तिसरा व्हॉट्सअ‍ॅपवर, 'प्लिंथ फायनल सरांनी बघितलेला'. सुपरवायझरांनी तिसरा छापून घेतला होता. नाव वाचून कोणीही तोच घेतला असता. सरांनी, म्हणजे वास्तुविशारदांनी, मात्र त्यानंतर जिना हलवला होता आणि तो बदल फक्त पहिल्या फाइलमध्ये होता.

तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातल्या लहान कार्यालयांचं नेटवर्क लावणं हे माझं काम. सामायिक फोल्डर करून द्या, असं सांगणाऱ्यांना ते अर्ध्या तासाचं काम वाटतं. फोल्डर तेवढ्या वेळात होतोही. पण त्यात ठेवलेल्या कागदाला एकच पत्ता राहील, याची व्यवस्था लावायला दोन-तीन आठवडे जातात, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे.

त्या कार्यालयात गडबड कुठून सुरू झाली ते सांगते. सगळ्यांच्या संगणकावर सर्व्हरचा फोल्डर 'झेड ड्राइव्ह' म्हणून दिसे. प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाची नोंद करताना मुलं तिथे 'झेड'पासून सुरू होणारा पत्ता चिकटवत. पण हे अक्षर ज्या-त्या संगणकाचं आपलं आपलं असतं. हिशोब बघणाऱ्या मॅडमकडे झेड म्हणजे बिलांचा फोल्डर होता. शिवाय हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, आणि वेबपानावरच्या दुव्यावरून सर्व्हरवरची फाइल थेट उघडू द्यायला ब्राउझर नकार देतो. ती सुरक्षेची सोय आहे, बिघाड नव्हे. पण दुवा उघडत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? फाइलची प्रत काढून नोंदीला जोडतो. दुसरा नकाशा असा जन्मला. तिसराही त्याच कारणाने, कारण साइटवरच्या मोबाइलला सर्व्हर दिसतच नव्हता.

उपाय दोन टप्प्यांत केला. आधी ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पत्ता सगळीकडे लावला. मग फाइली ब्राउझरमधून आणि मोबाइलवरून उघडू देणारं नेक्स्टक्लाउड बसवून सर्व्हरवरचा तोच फोल्डर त्यातून दिसेल असं केलं, आणि ते प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ओपनप्रोजेक्टला, जोडलं. आता कामाच्या नोंदीत फाइल नसते, फाइलकडे नेणारा दुवा असतो. साइटवरच्या मोबाइलवरही तोच दुवा उघडतो. सरांनी जिना हलवला की तो सगळ्यांसाठीच हलतो.

परवानग्यांचं प्रकरण मी वाड्याच्या भाषेत समजावते. विंडोजच्या सामायिक फोल्डरला दोन दारं असतात. नेटवर्कवरून आत येतानाची परवानगी हा दिंडी दरवाजा, आणि फोल्डरची स्वतःची परवानगी ही खोलीची कडी. माणसाला दोन्ही ओलांडावी लागतात आणि जे दार जास्त कडक असेल, तेच खरं ठरतं. हे माहीत नसलं की "मी तर सगळं खुलं केलंय, तरी सेव्ह का होत नाही?" यात दिवस जातो. आणि परवानगी माणसाच्या नावाने कधीही देऊ नये, गटाला द्यावी: नकाशे काढणारे, साइटवरचे, हिशोबाचे. मुलगा नोकरी सोडून हिंजवडीला गेला, तर त्याला एका गटातून काढलं की झालं. नावानिशी दिलेल्या परवानग्या वर्षानुवर्षं आत राहतात. एका कारखान्यात चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाला दरपत्रकं अजून उघडता येत होती.

फोल्डरांच्या मांडणीचा विषय निघाला की मी कामशेतचं नाव घेते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई 1925 मध्ये बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि कामशेतला इंद्रायणीकाठी येऊन राहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद होते. त्यांतून निवडून त्यांनी 45 खंड सिद्ध केले. ते 1930 ते 1934 या काळात छापून निघाले. पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा. कागद कोणत्या कारकुनाच्या रुमालात सापडला यापेक्षा तो कोणत्या प्रकरणाचा आहे, हे धरून मांडणी झाली, म्हणूनच पानिपत शोधणाऱ्याला कुठला खंड उघडायचा ते कळतं. आणि हे काम ते एकट्याने करत नव्हते. बंगालमध्ये बसलेले सर जदुनाथ सरकार आणि कामशेतचे सरदेसाई यांचा पत्रव्यवहार अखंड चालू होता. पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी कागदांचे खंड तर पुढे वेगवेगळ्या संपादकांकडे वाटून दिले गेले. टपालाच्या गतीने, हजार मैलांच्या अंतराने इतकं मोठं सामायिक काम उभं राहिलं, कारण कोणता खंड कोणाकडे हे ठरलेलं होतं.

आमच्याकडे मात्र अजूनही 'सचिनचं काम', 'मॅडमचे कागद', 'डेस्कटॉप जुना' असे फोल्डर असतात. मी पहिल्या भेटीत ते मोडायला लावते. वर प्रकल्प, त्याखाली टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यात चालू काम वेगळं, मंजूर झालेलं वेगळं. मंजूर फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी एकाच माणसाला, तीही गटामार्फतच. साइटवर जे छापायचं, ते फक्त तिथूनच.

मराठीत नावं द्यावीत का, असं बरेच जण विचारतात. जरूर द्यावीत, पण आटोपशीर. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक साठवण यंत्रांत एका नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. 'लोणावळा' हा शब्द घ्या. ल, ओकाराची मात्रा, ण, काना, व, ळ, काना अशी सात चिन्हं, म्हणजे 21 बाइट. 85 चिन्हांच्या पुढे नाव जातच नाही. विंडोजच्या जुन्या नियमाप्रमाणे तर सगळा पत्ताच 260 अक्षरांत बसवावा लागतो. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करत गेलं की एक दिवस फाइल दिसते पण उघडत नाही.

जुना स्कॅनर चालावा म्हणून एसएमबीची, म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवर फाइली सामायिक करतं तिची, पहिली आवृत्ती चालू ठेवा, अशी विनंती अजून येते. मी नाही म्हणते. मे 2017 मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने संगणकांत शिरला होता.

राहिला पाऊस. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर वीज आणि इंटरनेट दोन्ही धरून चालता येत नाही. रस्ता खणताना केबल तुटते ती वेगळीच. त्यामुळे सगळं दूरच्या क्लाउडवर टाका, हा सल्ला मी इथे देत नाही. फाइली कार्यालयातल्या सर्व्हरवरच असाव्यात, म्हणजे बाहेरची जोडणी गेली तरी आतलं काम चालतं. सर्व्हर जमिनीवर ठेवू नये, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये, यूपीएसशिवाय चालवू नये. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो म्हणून बॅकअप झाला असं मानू नये, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. एक प्रत रोज रात्री घाटमाथ्यावरून खाली पुण्याला गेली पाहिजे.

पवनानगरच्या त्या बंगल्याचे तीन खड्डे पुन्हा घेतले गेले, आणि पाया पावसाच्या आत जेमतेम वर आला. मजुरीचा खर्च कार्यालयाने सोसला.

दिवाळीच्या सुट्टीत तुमचं कार्यालय चार दिवस शांत असेल, तेव्हा दोन गोष्टी तपासा. सामायिक फोल्डरला कोणाकोणाची परवानगी आहे ती यादी उघडून बघा आणि सोडून गेलेल्यांची नावं काढा. मग बॅकअपमधून मागच्या महिन्यातली कोणतीही एक फाइल परत आणून उघडून बघा. उघडली नाही, तर सुट्टी संपायची वाट न बघता तुमचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला त्याच दिवशी फोन करा.