‘नाही’ आणि ‘कळले नाही’

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी पूर्वजांनी बांधलेली यांतील पुष्कळशी तळी १९५१ साली मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी तलाव’ झाली. लोकांनी त्या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेऊन त्यांना ‘मामा तलाव’ करून टाकले! या मामांची एक सूची संगणकावर करण्याचा छंद मला पन्नाशीनंतर जडला. इंग्रजीच्या प्राध्यापकाने डेटाबेसच्या नादी लागावे हे हास्यास्पद खरे. पण छंदाला वय कसले?

एके दिवशी एक वृद्ध शेतकरी घरी आले. “सर, आमच्या गावचा तलाव तुमच्या यादीत आहे का जी?” मी गावाचे नाव टंकले. पडद्यावर उमटले, ‘नोंद आढळली नाही.’ “नाही हो,” मी म्हणालो. ते क्षणभर गप्प राहिले. “आमच्या आज्यानं पाळीवर माती वाहिली होती जी,” एवढेच बोलून निघून गेले.

रात्री मनाला चैन पडेना. मी स्वतःच्या हाताने प्रथम नोंदविलेले तळे शोधून पाहिले. तेच उत्तर! मग उलगडा झाला. सकाळीच मी सूचीची फाइल दुसरीकडे हलविली होती. एसक्यूलाइटची रीत अशी की, सांगितलेल्या जागी फाइल नसेल तर ते निमूटपणे नवी, कोरी फाइल निर्माण करते. त्या कोऱ्या फाइलीला प्रश्न विचारताच ‘असा तक्ताच नाही’ अशी तक्रार मात्र तिने केली होती. परंतु पडदा विद्रूप दिसू नये म्हणून प्रत्येक एरर गिळून रिकामी यादी परत करावी, अशी आज्ञा मीच लिहून ठेवली होती.

प्रश्नाची गती तीन प्रकारची असते: सापडले, सापडले नाही, आणि विचारताच आले नाही. एसक्यूएलमध्ये अज्ञातासाठी ‘नल’ अशी निराळी खूण आहे. ती शून्यही नव्हे आणि रिकामा शब्दही नव्हे. यंत्राला असलेली ही नम्रता मी, मास्तराने, पुसून टाकली. वर्गातही ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याऐवजी ‘असे नसतेच’ असे मी कितीदा ठणकावले असेल!

आता सूची उघडली नाही तर माझा प्रोग्राम तसे स्पष्ट सांगतो आणि थांबतो. दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो. तलाव सूचीत होता. मी चूक कबूल करताच आजोबा हसले, आणि मला पाळीवर घेऊन गेले.