सिंगलीला धारेवरील चार दिवस
दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगहून संदकफूला जाणारी वाट भारत-नेपाळ सीमेलगत चढते. मुक्कामाला साधी विश्रामगृहे असल्याने तंबू वाहावा लागत नाही. टोंगलूची सुमारे ३,००० मीटर उंची गाठल्यावर गैरीबासला पुन्हा खाली उतरावे लागते. "कमावलेले घालवायचे कशाला?" असा माझ्या चौदा वर्षांच्या कन्येचा सवाल होता.

तिसऱ्या दिवशी कालीपोखरीला तिचे डोके दुखू लागले. विरळ हवेत अशा वेळी अधिक चढू नये, हे तिला ठाऊक होते. संदकफू अवघे सहा किलोमीटर उरले असता "आज येथेच राहू" असे तीच म्हणाली. रात्रीच्या विश्रांतीने डोके उतरले.

चौथ्या दिवशी ३,६३६ मीटर उंचीच्या, पश्चिम बंगालमधील त्या सर्वोच्च माथ्यावरून कांचनगंगा दिसली. शिखर एक दिवस उशिरा भेटले. पण थांबण्याचा निर्णय जिने घेतला, तिला ते अधिक आपले वाटले.