झीरो कुणी घेतला?

आमच्या सामायिक कार्यशाळेत सीएनसी राऊटर शिकायला येणारा प्रत्येक जण आपलं डिझाइन पेनड्राइव्हवर घेऊनच येतो. कुणाला दारावर वेलबुट्टी हवी असते, कुणाला गणपतीच्या मखराचे भाग कापायचे असतात. उत्साह मला आवडतोच. तरी पहिल्या तासाला मी यंत्र बंद ठेवते. मिनिटाला अठरा ते चोवीस हजार फेरे घेणाऱ्या धारदार कटरची ओळख तो थांबलेला असतानाच नीट होते.

पहिली गोष्ट मी सांगते ती ही, की या यंत्राला दिसत काहीच नाही. टेबलावर फळी आहे की नाही, क्लॅम्प कुठे लावलाय, यातलं काही त्याला माहीत नसतं. आपण ठरवून दिलेल्या झीरोपासून इतके मिलिमीटर उजवीकडे, इतके खाली, एवढंच ते जाणतं. साध्या राऊटरच्या स्टेपर मोटरींना आपण सांगितलेल्या जागी खरोखर पोचलो का, याचाही पत्ता नसतो. कटर कुठे अडकला, मोटरच्या काही स्टेप चुकल्या, तरी कंट्रोलर ठरल्या हिशेबानेच पुढे जात राहतो.

कारखान्यात एका यंत्रावर बहुधा ठरलेला ऑपरेटर असतो. सामायिक कार्यशाळेत सकाळी एक, दुपारी दुसरा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब नावाची अशीच सामायिक कार्यशाळा सुरू झाली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर जगात सुरू झालेल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. तेव्हापासून ज्याला काही बनवायचं आहे त्याच्या हाती असं यंत्र देण्याची कल्पना आपल्याकडे रुजली. ती मला मनापासून पटते. पण इथला मोठा धोका आधीच्या माणसाने यंत्रात काय सोडून ठेवलंय, यात असतो.

समजा, सकाळच्या माणसाने १२ मिमी प्लायवूडच्या वरच्या पृष्ठभागावर झेडचा, म्हणजे उंचीचा, झीरो घेतला आणि तो तसाच राहिला. दुपारी तुम्ही त्याच टेबलावर १८ मिमीची फळी बांधली आणि प्रोग्राम सुरू केला. प्रोग्राममध्ये कटर रिकामा फिरताना झीरोपासून ५ मिमी वर राहायचा आहे. तुमची फळी मात्र ६ मिमीने वर आलेली. म्हणजे ज्या चालीला आपण ‘हवेतली’ समजतो, तीच लाकडात १ मिमी आत शिरून होणार, तीही यंत्राच्या सर्वाधिक वेगाने. कटर तुटेल, नाहीतर फळी क्लॅम्पमधून उखडून येईल. म्हणून जॉब बदलला की झीरो नव्याने, कटर बदलला की झेड नव्याने. फळीवर ठेवायच्या धातूच्या टच प्लेटने झेड घेतला तर प्लेटची जाडी बरोबर भरलीय का ते बघायचं आणि कटर फिरवणारा स्पिंडल सुरू करण्याआधी तिची क्लिप काढायची. फाइल मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हेही तपासायचं. इथली चूक २५.४ पटीची असते. मग कटर फळीच्या पुरेसा वर ठेवून सगळा प्रोग्राम एकदा हवेत चालवायचा. यात वेळ जातो. जाऊ द्यावा.

कटर घट्ट धरणाऱ्या कोलेटचं थोडक्यात: कटरच्या दांड्याच्या मापाचाच हवा, भुसा पुसलेला हवा, आणि आधी नटमध्ये ‘टक्’ करून बसवून मगच स्पिंडलवर चढवायचा.

नवशिक्याची एक समजूत मात्र मला दरवेळी मोडावी लागते: हळू चालवलं की सुरक्षित. समजा, दोन धारांचा कटर १८,००० फेऱ्यांवर आहे आणि प्रत्येक धारेने ०.१ मिमीचा छिलका काढावा असं आपल्याला हवंय. गुणाकार केला तर फीड मिनिटाला ३,६०० मिमी येतो. भीतीपोटी कुणी तो ५०० वर आणला, तर धारेच्या वाट्याला ०.०१५ मिमीही येत नाही. ती कापत नाही, नुसती घासते. छिलक्याबरोबर बाहेर जायची उष्णता कटरमध्येच साठते, लाकूड काळं पडतं, आणि एखादी ठिणगी भुशाबरोबर डस्ट कलेक्टरच्या पिशवीत ओढली जाते. तिथे कोरडा बारीक भुसा आणि हवा दोन्ही तयारच असतात. आत धुमसत राहिलेली आग कुलूप लावून सगळे घरी गेल्यावर भडकू शकते. जळकट वास आला की थांबायचं, पिशवी उघडून बघायची. आणि चालू यंत्राजवळून चहालासुद्धा हलायचं नाही.

भुसा स्वतःही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. एमडीएफची धूळ तर इतकी बारीक, की डोळ्यांना हवा स्वच्छ वाटते तेव्हाही ती छातीत जात असते. कॉम्प्रेसरच्या हवेने टेबल साफ करणाऱ्याला मी तिथल्या तिथे रोखते, कारण ती धूळ शेजारी सोल्डरिंग करत बसलेल्या मुलीलाही श्वासातून घ्यावी लागते. मास्क, चष्मा, कानांना संरक्षण हवंच. हातमोजे मात्र नकोत; फिरता कटर कापडासकट बोटं ओढून घेतो. ओढणी, मोकळे केस, मनगटातला पूजेचा धागा यांचंही तेच.

राहिलं लाल बटण. ते दाबायला लोक कचरतात, फळी वाया जाईल म्हणून. महागाचं प्लाय स्वतःच्या पैशाने आणलेलं असलं की हात आणखी अडखळतो. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला मी ते चालू यंत्रावर दाबायला लावते. दाबल्यावरही स्पिंडल थोडा वेळ फिरत राहू शकतो, हे त्याच वेळी दिसतं. त्यानंतर पुन्हा होमिंग करायचं, म्हणजे यंत्राला त्याच्या मूळ जागी न्यायचं, आणि झीरो तपासायचा. बटण दाबल्याने फळी बिघडली तर तिचा खर्च कार्यशाळेने सोसावा आणि दाबणाऱ्याला कुणी बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

महाविद्यालयांत आणि गावोगावी अशा कार्यशाळा उभारणाऱ्यांना माझी विनंती आहे: यंत्राच्या किमतीबरोबर चांगला डस्ट कलेक्टर आणि पूर्णवेळ प्रशिक्षक यांचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि तुम्ही शिकायला जाणार असाल, तर नाव नोंदवण्याआधी लाल बटण दाबून बघायची परवानगी मागा. ती मिळाली नाही, तर दुसरी कार्यशाळा शोधा.