कातळावरची गुरे आणि हाडांची भूक

कराडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरलात की कराडची काळी जमीन मागे राहते. चिपळूणपासून पुढे तांबडी माती आणि जांभा दगड. गुरेही निराळी, अंगाने लहान पण काटक. वैशाखात एखाद्या सड्यावर थोडे थांबून पाहा. एक गाय जुने हाड चघळत असते, दुसरी वाळत घातलेले लुगडे ओढत असते. लोक म्हणतात, खोड लागली. खोड नव्हे, ती भूक आहे. पोटाची नव्हे, हाडांची!

या मुलखात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याबरोबर मातीतला चुना वाहून जातो. उरलेले स्फुरद मातीतले लोह असे धरून ठेवते की गवताला ते पुरेसे मिळत नाही. भाताच्या पेंढ्यातही स्फुरद थोडेच. मग गाईला कोठून मिळणार?

लिटरभर दुधातून सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि जवळजवळ एक ग्रॅम स्फुरद बाहेर जाते. चाऱ्यातून भरपाई झाली नाही तर गाय ते आपल्या हाडांतून काढते. म्हणून तूट लगेच दिसत नाही. पुढे ती ताठरून चालू लागते, माजावर येत नाही, आली तर उलटते. घरधनी म्हणतो वांझ निघाली, आणि बाजार दाखवतो. पोरांच्या तोंडचे दूध जाते ते असे.

'अ' जीवनसत्त्वाचेही तेच. पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यातले यकृतात साठते, काही महिने पुरते. नंतर नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या गुरांना रातांधळेपणा येतो, वासरे अशक्त किंवा आंधळी जन्मतात.

उपाय घाटावरही हाच. मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम, वासराला 20 ते 25 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्या. दूध भरपूर असेल तर जास्त लागते. नुसत्या मिठाने ही तूट भरत नाही. उन्हाळ्यात शेवरीचा थोडा तरी हिरवा पाला घाला. मेलेल्या जनावरांची हाडे खोल पुरा. ती चघळल्याने विषबाधा होऊन गुरे दगावतात.

आपल्या गोठ्यातली गाय दावे चघळत असेल, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. जंतही असू शकतात. बाजाराची वाट त्यानंतर.